रोग कोणी आणला, की कुठून आला?

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. नदीला पूर येऊन गेला होता. ज्या वस्तीत मी काम करते तिथल्या खालच्या गल्ल्यांमध्ये दीड दिवस पाणी होते. लोक शाळेच्या वर्गांत आणि बुद्ध विहारात राहून घरी परतले, चिखल काढला, भिजलेली ज्वारी पत्र्यांवर वाळत घातली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी लहान मुले, मग म्हातारी माणसे. आरोग्याचे पथक आले ते त्यानंतर चार दिवसांनी. पथकातल्या साहेबांनी विहाराच्या पायरीवर उभे राहून तीन प्रश्न विचारले. बाहेरगावाहून कोण आले होते? लग्नकार्य, जेवणावळ काही झाली का? आणि तिसरा प्रश्न, "तुम्ही लोक मांस-मच्छी शिळी खाता का?"

मागे उभी असलेली एक आजी म्हणाली, "पानीले वास ई ऱ्हायना, आठ दिन व्हयी ग्यात. पन आम्हले कोन इचारस?" साहेबांना अहिराणी कळत नव्हती, की कळून घ्यायची नव्हती, कोण जाणे. क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, ओआरएसची पाकिटे दिली गेली, फोटो निघाला आणि गाडी गेली.

मी त्या साहेबांना वाईट माणूस म्हणणार नाही. गोळ्या उपयोगी होत्या, पाकिटे त्याहून उपयोगी होती. माझे भांडण त्या तीन प्रश्नांशी आहे. तिन्ही प्रश्नांत रोगाचा उगम माणसांत शोधलेला होता. कोण आले, काय केले, काय खाल्ले. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, की उत्तराचा साचा प्रश्नातच ठरलेला असतो. 'रोग कोणी आणला?' असे विचारले की उत्तरात माणूस सापडतो, जात सापडते, मोहल्ला सापडतो. 'रोग कुठून आला?' असे विचारले की विहीर सापडते, गटार सापडते, पाइप सापडतो. माणूस सापडला की त्याला वाळीत टाकून काम संपते. पाइप सापडला तर तो बदलावा लागतो, आणि त्याला पैसे लागतात.

पूर, भूकंप, दुष्काळ, टाळेबंदी, दंगल, अशा मोठ्या संकटाच्या पाठोपाठ साथ आली की या दोन प्रश्नांतला फरक जीवन-मरणाचा होतो. कारण तेव्हा सगळेच घाईत असतात, आणि घाईत माणूस जुन्या सवयीने विचार करतो. आपल्याकडची जुनी सवय कोणती, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको.

साथीचा तपास म्हणजे काही गूढ शास्त्र नाही. आधी ठरवायचे, की कोणाला रुग्ण म्हणायचे. उदाहरणार्थ, अमुक तारखेनंतर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा पातळ जुलाब झालेला माणूस. मग घरोघर फिरून यादी करायची. कोण, किती वयाचा, कोणत्या घरातला, कधीपासून आजारी, पाणी कुठले. ही यादी हाच तपासाचा पाया. तिच्यावरून तारखांचा आलेख काढायचा, घरांचा नकाशा काढायचा, आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेच प्रश्न विचारायचे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने हेच केले होते. मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती गोळा झालेली दिसली. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकाने मान्यही केलेला नव्हता. म्हणजे तपासाला प्रयोगशाळेच्याही आधी गल्ली चालावी लागते आणि माणसांना विचारावे लागते.

आम्हीही विचारले. साहेब गेल्यावर वस्तीतली आशाताई, बारावी झालेल्या दोन मुली आणि मी, अशा चौघींनी शाळेची एक दोनशेपानी वही घेतली आणि घरे फिरलो. दोन संध्याकाळी लागल्या. वही भरताना आपोआप दिसू लागले, की आजारी घरे वस्तीभर विखुरलेली नाहीत, ती शेवटच्या दोन गल्ल्यांत आहेत. आणि त्या गल्ल्यांतही ज्यांचा नळ खड्ड्यात आहे त्यांच्याकडे जास्त.

खड्ड्यातला नळ म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी येते त्यांना समजावून सांगावे लागेल. आमच्या खान्देशातल्या शहरांत उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतात. पाणी सुटले की टाकीजवळची घरे मोटारी लावून ओढून घेतात. शेवटच्या टोकाला दाबच उरत नाही. मग तिथला माणूस अंगणात कमरेइतका खड्डा खणतो, पाइप खालून कापतो आणि खड्ड्यात बादली लावतो. पावसात तोच खड्डा गटाराच्या पाण्याने भरतो. पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप प्रत्येक भोकातून, प्रत्येक सैल जोडातून बाहेरचे पाणी आत ओढतो. त्यात वरच्या बाजूला कोणी मोटार लावली की आणखी ओढतो. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिली बादली त्याच घाणीची. पूर आला नसता तरी हे होणारच होते. पुराने एवढेच केले, की वर्षभर थोडे थोडे होणारे एका आठवड्यात झाले.

आता सांगा, हा रोग कोणी आणला?

शेवटच्या टोकाला आमचीच वस्ती का आहे, याचे उत्तर कोणत्याही गावाचा नकाशा देतो. वस्ती गावकुसाबाहेर, उताराला, नदीकडे. पाण्याची लाइन गावातून सुरू होते आणि आमच्याकडे येऊन संपते. नळाच्या अगदी शेवटच्या टोकालासुद्धा दर लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, असा नियम आहे. ते तपासायला एक बाटली आणि दोन थेंब औषध पुरते. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. पण मी आजवर जेव्हा जेव्हा ही चाचणी होताना पाहिली, ती टाकीच्या खाली किंवा कार्यालयाच्या नळावर. तिथे पाणी छान पिवळे होते.

'जंतू जात बघत नाही, संकटात तरी जात काढू नका,' असे म्हणणारे भेटतात. त्यांचे पहिले वाक्य शंभर टक्के खरे आहे. जंतू बघत नाही. पाइप टाकणाऱ्याने मात्र बघितलेली असते.

ही सवय फक्त पाण्यापुरती नाही, आणि आजची नाही. खान्देशाला तिची चांगलीच आठवण असायला हवी, कारण १९९४ च्या सप्टेंबरात आपण स्वतःच 'रोग आणणारे' ठरलो होतो.

ती गोष्ट सुरू होते त्याच्या एक वर्ष आधी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. लोक पडकी घरे सोडून बाहेर राहू लागले. मागे राहिलेल्या घरांत, बळदांत साठवलेले धान्य तसेच होते. ते उंदरांना मिळाले. रानातले उंदीर, गावातले उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा यांचे एक जुने गणित असते. प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत वर्षानुवर्षे गपगार राहू शकतो. गणित बिघडले की तो घरात येतो. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये आधी पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडू लागले, मग माणसांच्या जांघेत-काखेत गाठी आल्या. देशात प्लेगचे रुग्ण नोंदले जाण्याचे थांबून तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ झाला होता. भूकंपाने झालेल्या उलथापालथीशी या उद्रेकाचा संबंध तज्ज्ञांनी नंतर जोडला.

जाता जाता एक सांगते. किल्लारीच्या पुनर्वसनात सरकारने बांधून दिलेली घरे सगळ्यांना सारखी नव्हती. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला अडीचशे चौरस फूट, त्याहून जास्त जमीनवाल्याला चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. भूकंपात घर सगळ्यांचेच पडले होते.

मामलाच्या पाठोपाठ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. त्या वर्षी पाऊस जबर होता, तापीला पूर येऊन गेला होता, सखल भागांत घाण आणि मेलेली जनावरे सडत होती. वेड रोडच्या परिसरात माणसे पटापट मरू लागली. आणि सुरत म्हणजे तरी काय? निम्मा खान्देशच. लिंबायत, उधना, पांडेसरा इथल्या चाळींमध्ये धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे लूमवर बारा-बारा तास उभी राहतात. एका खोलीत दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच अंथरुणावर झोपतात. शहरातले अनेक खाजगी डॉक्टर दवाखाने बंद करून निघून गेले. औषध दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. काही लाख लोक शहर सोडून पळाले, आणि त्यातले कितीतरी तापी व्हॅलीच्या रेल्वेने नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत आपल्याकडे आले.

माझे मामा त्यात होते. मी तेव्हा फार लहान होते, पण आईकडून ही कथा इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाहिल्यासारखी वाटते. मामा स्टेशनवरून चालत गावाजवळ आले तर वेशीवरच अडवले गेले. 'सुरतवाले' म्हणून त्यांना आणि आमच्या वस्तीतल्या आणखी काही जणांना शेतातल्या पडक्या खोपीत थांबायला सांगितले. विहिरीवर येऊ दिले नाही. आजी दुरून भाकरी ठेवायची. गावातलेही काही जण त्याच गाडीने सुरतेहून आले होते. ते त्या रात्री आपापल्या घरी झोपले. आई ही गोष्ट सांगताना कधी चिडत नाही, फक्त एवढेच म्हणते, "प्लेग आम्हालाच होता वाटतं."

फुप्फुसाच्या प्लेगमध्ये काही दिवस वेगळे राहणे शास्त्राला धरूनच आहे, तो खोकल्यातून पसरतो. पण मग ते वेगळे राहणे गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाला लागू व्हायला हवे होते. एकाच डब्यातून आलेल्या माणसांत निवड झाली तेव्हा ती प्लेगच्या नियमाने झालेली नव्हती.

सुरतेतही तोच खेळ मोठ्या पटावर चालला. मराठवाड्यातून आलेल्या मजुरांनी रोग आणला, असा तर्क तेव्हाच पुढे आला. तो ठामपणे कधी सिद्ध झाला नाही. दुसरीकडे, हा प्लेगच आहे की दुसरा काही रोग, यावर तज्ज्ञांमध्ये वाद पेटला, कारण प्रयोगशाळांची तयारीच नव्हती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिने प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला. भारताने जागतिक आरोग्य संघटनेला त्या वर्षी ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू कळवले. या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र घडली, जी प्रत्येक नगरपालिकेने शिकण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी सुरतेची सफाई नव्याने बांधली. कचरा उचलण्याची व्यवस्था बदलली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, आणि देशातले एक घाणेरडे शहर स्वच्छ शहरांच्या यादीत गेले. म्हणजे 'कुठून आला' हा प्रश्न जेव्हा खरोखर विचारला गेला, तेव्हा उत्तरही सापडले आणि कामही झाले. फक्त त्याआधी माणसे मरावी लागली, आणि व्यापाराला मोठा फटका बसावा लागला. यातल्या कोणत्या गोष्टीने हालचाल झाली, ते वाचकांनी ठरवावे.

प्लेग म्हटले की आपल्याला शाळेत काय शिकवले? १८९७, पुणे, रँड, चाफेकर बंधू. घरोघर गोरे सोजीर घुसले, देवघरे बाटली, म्हणून रँडला गोळी घातली. सोजिरांनी केलेली झडती अपमानकारक होती यात शंका नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला साथरोग कायदा हा लोकांना विचारणारा कायदा नव्हताच, तो लोकांना हाकणारा कायदा होता. आणि हाच कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. पण त्याच १८९७ मध्ये, दुष्काळ आणि प्लेग एकत्र चालू असताना, सावित्रीमाई आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला आहे हे कळल्यावर माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. १० मार्च १८९७ रोजी माई त्याच रोगाने गेल्या. मुलगा वाचला असे सांगतात. माझ्या शाळेच्या पुस्तकात प्लेगच्या धड्यात हे नव्हते.

मला या प्रसंगात माईंच्या त्यागाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुंढव्याच्या महारवाड्यात कोण आजारी आहे, हे त्यांना कळले. बातमी त्यांच्यापर्यंत आली, कारण तिथल्या माणसांना त्या आपल्या वाटत होत्या. सोजिरांना घरे उचकटून जे सापडत नव्हते, लोक ज्यांच्यापासून आजारी माणसे माळ्यावर लपवत होते, ते माईंपर्यंत स्वतः चालत येत होते. आजच्या भाषेत याला रोग सर्वेक्षण म्हणतात.

इथे कोणी विचारेल, की 'कोणी आणला' हा प्रश्न नेहमीच वाईट असतो का? कधीकधी रोग खरोखर कोणीतरी आणलेला असतो. बरोबर. त्यासाठी हैतीकडे बघू, कारण तिथे हा प्रश्न नेमका उलटा फिरला.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत प्रचंड भूकंप झाला. राजधानीत लाखो लोक तंबूंमध्ये होते. साथ आली तर तंबूंत येईल, असे सगळ्यांना वाटत होते. ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला, पण तंबूंत नाही. तो आधी आला दूर आर्तिबोनित नदीच्या काठच्या गावांत. त्या देशात निदान शंभर वर्षे कॉलऱ्याची नोंद नव्हती. गावकरी पहिल्या आठवड्यापासून सांगत होते, की मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा तळ आहे, तिथली घाण ओढ्यात सोडली जाते, ओढा नदीला मिळतो. तळावरचे सैनिक नेपाळहून आलेले होते आणि नेपाळमध्ये तेव्हा नुकतीच कॉलऱ्याची लागण होती. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी गावे फिरून, तारखा आणि नकाशा जुळवून तेच सांगितले. जंतूच्या तपासणीनेही पुढे तेच सांगितले. संयुक्त राष्ट्रांनी काय केले? आधी नाकारले. जगातल्या नामांकित संस्थांतल्या लोकांनी 'आता उगम शोधत बसण्याची वेळ नाही, उपचार महत्त्वाचे' असा सूर लावला. मग कायद्याचे संरक्षण पुढे केले. आठ लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, दहा हजारांच्या जवळपास मेले. माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला.

गरिबावर संशय असेल तर 'कोणी आणला' हा पहिला प्रश्न असतो, आणि बलाढ्यावर संशय असेल तर तोच प्रश्न असभ्य ठरतो. हैतीतही खरे उत्तर नेपाळी सैनिक नावाची माणसे हे नव्हतेच. तेही गरीब देशातले, पोटासाठी आलेले. खरे उत्तर होते तळाचा संडास आणि त्याचा ओढ्यात उघडणारा पाइप. शेवटी तिथेही पाइपच.

आता आपल्या जवळचे २०२० घेऊ. कोरोनाच्या पहिल्या काही महिन्यांत जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून 'बेपत्ता' झालेली एक वृद्ध रुग्ण आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृत सापडली, आणि अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. हे सगळ्यांना आठवते. पण मला बोलायचे आहे ते आकड्यांविषयी. मृत्युदर हा अपूर्णांक असतो. वर मेलेल्यांची संख्या, खाली एकूण माणसांची. निर्वासितांच्या छावण्यांत काम करणारे साथरोगतज्ज्ञ एक साधी खूण वापरतात, की दर दहा हजार माणसांमागे रोज एकापेक्षा जास्त मृत्यू होऊ लागला तर ती आणीबाणी समजावी. खूण उत्तम आहे. पण ती लावायला वरचा आकडा लागतो, आणि खालचाही.

त्या मे महिन्यात आम्ही मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याबाहेर पाणी आणि खिचडी वाटत होतो. नाशिककडून येणारी रांग दिवसरात्र तुटत नव्हती. डोक्यावर बोचके, कडेवर पोर, पुढे शिरपूर, पळासनेर, मग सेंधव्याची हद्द, जिथे त्यांना पुन्हा अडवले जात होते. वाटेत कपाळावर ताप मोजायचे यंत्र धरणारे होते. पण तुम्ही किती जण निघालात, किती दिवस चालता आहात, कोणी वाटेत आजारी पडले का, कोणी मागे राहिले का, हे लिहून घेणारे कोणी नव्हते. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते आणि आपल्या भुसावळला येत होते, गाडी मिळेल म्हणून. मध्य प्रदेशातले मजूर, त्यातले बरेच आदिवासी. कोरोनाच्या मृत्यूंत ते नाहीत, साहजिकच. पण त्या साथीने मारलेल्यांत ते नाहीत, असे कोण म्हणेल? सप्टेंबरमध्ये संसदेत केंद्र सरकारला विचारले गेले, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. उत्तर आले, अशी आकडेवारी ठेवलेली नाही.

वरचा आकडा नाही, खालचाही नाही. ज्यांची बेरीजच होत नाही त्यांच्यात साथ येऊच शकत नाही, निदान कागदावर तरी.

आणि इथे मला स्वतःलाही विचारायचे आहे. आम्ही खिचडी वाटणारे तरी लिहीत होतो का? नव्हतो. आमच्याकडे वही होती, पेन होता, दिवसभर माणसे समोर होती. आम्ही पातेली मोजली, माणसे मोजली नाहीत. चळवळीची ही उणीव मान्य केली पाहिजे. मोर्चाला, जयंतीला, निवेदनाला आपल्याकडे शेकडो हात असतात. घरोघर फिरून कंटाळवाणी यादी करायला चार हात मिळत नाहीत. पूर्वी गावात मयत झाले की परगावी सांगावा घेऊन धावणे हे महाराचे काम होते. ऊन असो, पाऊस असो. मरणाची बातमी पिढ्यान् पिढ्या आपल्या लोकांनी पायी वाहिली, पण ती लिहून ठेवण्याची वही मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली. ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात कारण ठरवण्याचा अधिकार. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण घ्या म्हटले, ते ही वही हातात घेण्यासाठीही होते असे मी समजते.

परित्राण पाठात आपल्या घराघरांत रतनसुत्त म्हटले जाते. त्यामागची अट्ठकथेतली कथा फार कमी जण लक्ष देऊन ऐकतात. वैशालीत पाऊस पडला नाही, दुष्काळ पडला. आधी गरीब माणसे मेली. त्यांची प्रेते नगराबाहेर टाकून दिली गेली. दुर्गंधी पसरली, आणि मग रोगराई आली. त्यातला अमानुष योनींचा भाग मी बाजूला ठेवते, तुम्हीही ठेवा. पण क्रम बघा. दुष्काळ, मग गरिबांचे मृत्यू, मग त्या मृतांची हेळसांड, आणि त्यानंतर सगळ्या नगरावर साथ. कथा सांगणाऱ्याने कोणाही परक्या माणसाने रोग आणला असे म्हटलेले नाही.

मग आज काय मागायचे? एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. त्यातल्या उद्रेकांच्या साप्ताहिक यादीत दोन तारखा असायच्या. एक, साथ सुरू झाल्याची. दुसरी, ती कळल्याची. या दोन तारखांमधले अंतर म्हणजे त्या आजीला कोणी न विचारल्याचे दिवस. प्रत्येक पावसाळ्यानंतर धुळे आणि जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक उद्रेकाच्या या दोन तारखा माहितीच्या अधिकारात मागा, आणि बाजूला वस्ती कोणाची ते आपण लिहा. कारण त्या यादीत गाव आणि आरोग्य केंद्राचे नाव येते, पण गावातली कोणती बाजू ते बहुधा येत नाही. क्लोरीनची चाचणी शेवटच्या नळावर, वस्तीतल्या दोन बायकांसमोर करायला लावा. तपासाच्या पथकात पाणी सोडणारा कर्मचारी आणि गटार साफ करणारा कामगार असला पाहिजे, असा ठराव ग्रामसभेत आणि प्रभागात घ्या. कोणता जोड कुठे गळतो हे अभियंत्याच्या नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असते. आशाताईने साथ कळवली म्हणून तिला वरून बोलणी बसत असतील, तर वस्तीने तिच्या बाजूने उभे राहावे. ती आपल्यातलीच आहे, तिचे मानधन तुटपुंजे आहे, आणि खरा आकडा लिहायला धीर लागतो.

आणि तपासाचा अहवाल वस्तीत येऊन वाचून दाखवा, ही मागणी तर पहिली. ज्यांचे जुलाब मोजले त्यांना कारण कळायला नको?

आमच्या त्या वस्तीचे पुढे काय झाले, हे विचाराल म्हणून सांगते. आम्ही वहीच्या पानांची झेरॉक्स निवेदनाला जोडून दिली. पोहोच घेतली. पुन्हा गेलो, पुन्हा पोहोच घेतली. शेवटी गटारातून जाणारा एक जोड बदलला गेला, सगळी लाइन मात्र नाही. खड्डे अजून आहेत. दोन मुलींपैकी एक आता नर्सिंग करते आहे. वही माझ्याकडे आहे, तिची बरीच पाने कोरी आहेत. पाऊस सुरू होण्याआधी त्यावर रकाने आखून ठेवायचे आहेत: तारीख, घर, नळ वरचा की खड्ड्यातला, कोण आजारी, कधीपासून.